सतरा नंबरच्या शेळीचं हृदय

माझी मावशी रागीट आहे. हे लपवण्यात अर्थ नाही. तिच्याशी पाच मिनिटं बोललेल्या माणसाला ते कळतंच. जनावरांच्या दवाखान्यात तिला पाठीमागे 'कडकबाई' म्हणायचे, आणि एखादा धीट माणूस तोंडावरही म्हणायचा. माझे काका, म्हणजे तिचा नवरा, ती दारात चपला कशा काढते त्या आवाजावरून तिचा दिवस कसा गेला ते ओळखायचे. "आज दोन्ही चपला भिंतीवर गेल्यात," ते मला हळूच सांगायचे. "चहा ठेव, आणि काही विचारू नकोस." मग स्वतःच विचारायचे, "आज कोणाची पाळी होती?"

त्या वर्षी मी शाळेत नवीन नोकरीला लागले होते आणि त्यांच्याकडे राहत होते. त्यामुळे शेळ्यांचं प्रकरण मी जवळून पाहिलं. जे डोळ्यांनी पाहिलं नाही ते इतक्या जणांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं, की आता मी तिथे होतेच असं मला वाटतं.

मावशीचं काम हृदयाची सोनोग्राफी करण्याचं. ती डॉक्टर नव्हे. मशीन चालवायचं, छातीवर प्रोब ठेवून पडद्यावर हृदय शोधायचं, मापं घ्यायची, आणि ती डॉक्टरांकडे द्यायची. बावीस वर्षं तिने हे माणसांच्या इस्पितळात केलं, नंतर ती नोकरी सोडून जनावरांच्या दवाखान्यात आली. तिथे आधी कुत्री असायची. मग एका खाद्य कंपनीने शेळ्यांसाठी नवं खाद्य काढलं. त्यात वजन लवकर वाढावं म्हणून एक औषध घातलेलं होतं. विक्रीला परवानगी मिळण्याआधी त्याचा शेळ्यांच्या हृदयावर काही परिणाम होतो का हे तपासायचं होतं. दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांनी ते काम घेतलं आणि मावशीकडे सोपवलं.

शेळ्या चोवीस. बारांना नवं खाद्य, बारांना जुनं. कोणती काय खाते हे मावशीला सांगायचं नाही, असा नियम होता, म्हणजे मापात मन आडवं येत नाही. तिला फक्त कानातल्या बिल्ल्याचा नंबर दिसायचा. खाद्य घालायचं काम मामांचं. मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. तीस वर्षं त्या गोठ्यात जनावरं सांभाळणारे, हाडकुळे, मिशी पांढरी झालेले गृहस्थ. सगळा दवाखाना त्यांना मामाच म्हणायचा. कोण काय खातं हे त्यांना ठाऊक होतं, आणि बोलायची बंदी होती.

पहिल्या आठवड्यात मावशी रोज चपला भिंतीवर मारत घरी आली.

"शेळी आहे की शिंग लावलेला भोंगा?" ती म्हणाली. "प्रोब टेकवला की ओरडते. ओरडली की ठोके दीडशे. दीडशे ठोक्यांत मी काय मोजू, कपाळ?"

"झोपेचं औषध देत नाहीत का?" मी विचारलं.

"औषध दिलं की हृदयच मंद चालतं. मग मी शेळीचं नाही, औषधाचं हृदय मोजणार!"

तोडगा मामांनी काढला. शेळीला ओढून आणायचं नाही, तिच्या जोडीदारणीला बरोबर आणायचं. दोघी शेजारी उभ्या राहिल्या की थोड्या वेळाने रवंथ सुरू होतो, आणि रवंथ थांबला की दोन मिनिटं शेळी देवासारखी शांत उभी राहते. तेवढ्यात मावशीने माप घ्यायचं. उजव्या कोपराच्या मागे केस कापलेले असायचे. मामा पुढचा पाय जरा पुढे धरायचे, मावशी जेली लावून दोन फासळ्यांच्या मधे प्रोब टेकवायची आणि श्वास रोखायची. शेळीने नव्हे, तिने.

पडद्यावर डावा कप्पा दिसायचा. तो भरला की किती रुंद, आकसला की किती अरुंद, हे ती मोजायची. भरलेल्या रुंदीतून शेकडा किती रुंदी कमी झाली, तो आकडा. त्यांच्या शेळ्यांचा चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास येत होता. आकडा जितका खाली, तितकं हृदय दमलेलं. एका शेळीची तीन मापं, प्रत्येक माप तीन ठोक्यांचं. मावशीच्या रागाला लोक नावं ठेवत, पण त्या वहीतल्या एकाही आकड्यावर कोणी बोट ठेवलं नसतं.

मामांनी शेळ्यांना नावं ठेवली होती. सतरा नंबर म्हणजे हवालदारीण. अंगाने दांडगी, गव्हाणीत सगळ्यांच्या आधी तोंड घालणार, आणि शेजारणीला ढुशी मारून तिचाही घास खाणार. मावशीचं तिच्यावर सर्वांत जास्त ओरडणं व्हायचं, म्हणजे तीच सर्वांत लाडकी होती. घरी तिच्या तक्रारी ऐकून काका म्हणाले, "तुझ्यासारखीच दिसतेय." त्या दिवशी त्यांना चहा मिळाला नाही.

पाचव्या आठवड्यात मावशी घरी आली आणि चपला नीट जोडीने ठेवल्या. काका घाबरले.

"सतराचा आकडा चौतीस आला," ती म्हणाली. "मागच्या वेळी एकोणचाळीस होता. त्याआधी चव्वेचाळीस."

"हात चुकला असेल," काका म्हणाले.

तिने त्यांच्याकडे पाहिलं. काका उठून भाजी निवडायला बसले.

सहाव्या आठवड्यात सतराचा आकडा एकतीस होता. नऊ, बारा आणि वीस नंबर पस्तीसच्या खाली. बाकीच्या जिथल्या तिथे. मावशीने चारी नंबर कागदावर लिहून मामांपुढे धरले. "मामा, या चौघी नवं खाद्य खातात का?"

"बाई, मला विचारू नका. पोटावर पाय येईल."

"मी विचारत नाही. मी कागद धरलाय."

मामांनी कागद पाहिला, घडी घातली, खिशात टाकला आणि बादली उचलून चालू लागले. दारात थांबून, पाठ फिरवूनच म्हणाले, "चौघी एकाच गव्हाणीच्या आहेत."

मावशी वही घेऊन मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली. खोली थंडगार, टेबलावर काच, काचेखाली त्यांचे सत्कार घेतानाचे फोटो. त्यांनी वही चाळली आणि हसले.

"बाई, तुम्ही माणसांवर शिकलेल्या. शेळीची फासळी अरुंद, प्रोब थोडा तिरका गेला की माप खाली येतं."

"तिरका फक्त याच चौघींवर जातो का?"

"नवं खाद्य बाराजणी खातात. खाद्याचा दोष असता तर बाराही खाली आल्या असत्या. साधा विचार आहे."

मावशीने वही उचलली. ती खाली गोठ्यात आली आणि मामांवरच कडाडली, की तुमच्या गव्हाणीने माझा हात खोटा पाडला. वड्याचं तेल वांग्यावर. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुम्ही शेळ्यांना जेवताना कधी पाहिलंय का?"

त्यांनी तिला खाद्य घालायच्या वेळी गव्हाणीशी उभं केलं. बाराजणींचं नवं खाद्य एका लांब गव्हाणीत ओतलं. हवालदारीण आणि तिच्या तीन दांडग्या मैत्रिणींनी इतरांना शिंगांनी बाजूला केलं आणि पोटभर हाणलं. उरलेल्या आठजणींना तळाचा चुरा मिळाला. बरोबर त्या चौघी. सतरा, नऊ, बारा, वीस.

"जी जास्त खाते ती जास्त खाली," मामा म्हणाले. आपण आता सगळंच बोलून गेलो, हे त्यांच्या लक्षात आलं. "जाऊ द्या. काय व्हायचं ते होवो."

मावशीने दुसऱ्या दिवशी मापं पुन्हा घेतली. या वेळी मामांनी प्रत्येकीचे कान फडक्याने बांधले आणि डोक्यावर पोतं टाकलं, म्हणजे मावशीला नंबरही दिसू नये आणि तोंडही. चोवीस शेळ्या, उलटसुलट क्रमाने. शेवटी फडकी सोडली तेव्हा खालचे चार आकडे त्याच चौघींचे निघाले. तिने ते सगळं लिहून मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर ठेवलं, गव्हाणीतल्या मारामारीसकट. उत्तर आलं नाही. खाद्य चालूच राहिलं.

आठव्या आठवड्यात हवालदारीण गव्हाणीपाशी यायची थांबली. मान ताठ करून उभी राहायची, गळ्याची शीर फुगलेली, छातीखाली पाणी साचून लोंबलेलं. मावशीने प्रोब लावला. अठरा. कप्पा सैल पिशवीसारखा हलत होता. ती धावत वर गेली. डॉक्टर बैठकीत होते. ती बैठकीत शिरली. तिला बाहेर काढलं. खाली येईपर्यंत शेळी आडवी झाली होती, आणि मामा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते.

निदान ती उघडून तर बघतील, असं मावशीला वाटलं होतं. डॉक्टरांनी कागदावर 'न्यूमोनिया' लिहिलं आणि तासाभरात पुरून टाकायला सांगितली.

त्या संध्याकाळी मावशी ओरडली नाही. स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. मग मला म्हणाली, "मी माणसांचं इस्पितळ का सोडलं, माहितीये?"

"भांडण झालं म्हणून," मी म्हणाले. घरात तेच सांगितलं जायचं.

"भांडण झालं असतं तर बरं झालं असतं." ती भिंतीकडे बघत होती. "एक बाई आली होती. तुझ्याएवढी. बाळंत होऊन दोन महिने झालेले, जिना चढली की दम लागायचा. मी मापं घेतली, हृदय दमलेलं होतं. डॉक्टरांना घाई होती. त्यांनी माझे आकडे न बघताच 'सर्व ठीक' लिहून सही केली. मी म्हटलं, सर, एकदा बघा. ते म्हणाले, तुमचं काम चित्र काढायचं, वाचायचं नाही. आणि मी गप्प बसले. चिडलेसुद्धा नाही, बरं का. 'हो सर' म्हणाले. चार महिन्यांनी तिचा नवरा जुने कागद मागायला आला, कडेवर पोर घेऊन. लोक मला चिडकी म्हणतात. तेव्हा मी चिडले नाही, ते चुकलं."

काका दारात उभे होते. तीस वर्षांच्या संसारात ही गोष्ट तेही पहिल्यांदा ऐकत होते. ते आत आले नाहीत, आणि गेलेही नाहीत.

अहवाल तयार झाला. मावशीला सहीसाठी बोलावलं. त्यात लिहिलं होतं, की चार शेळ्यांची मापं 'तांत्रिक कारणांमुळे अविश्वसनीय' असल्याने वगळली आहेत, आणि उरलेल्या वीस शेळ्यांच्या हृदयावर खाद्याचा कोणताही परिणाम आढळला नाही. खाली 'मापे घेणार' म्हणून मावशीचं नाव छापलेलं. आजारी होत्या त्या काढून टाकल्या आणि निरोगी उरल्या त्या निरोगी आहेत म्हणून सांगितलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथे तर शेळी होती हेच नाकारायला निघाले होते.

मावशीने पेन घेतलं आणि सहीच्या जागी लिहिलं: 'माझी मापं चोवीस शेळ्यांची आहेत. ही वीसची माझी नाहीत.'

डॉक्टर पांढरे पडले. "तुमचा करार पुढच्या महिन्यात संपतो, हे लक्षात आहे ना?"

"माझ्या लक्षात सगळं असतं. हीच तर तुमची अडचण आहे."

त्यांनी तो कागद फाडला आणि तिचं नाव काढून नवा छापला.

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात कार्यक्रम होता. कंपनीचे साहेब, अधिकारी, आणि आसपासच्या शेळीपालकांना बोलावलं होतं. शेळीच्या हृदयाची तपासणी सगळ्यांना पडद्यावर दाखवायची असं ठरलं होतं, आणि मशीन चालवणारं दुसरं कोणी नव्हतं. डॉक्टरांनी मावशीला बजावलं, "चार नंबरची शेळी आणायची. माप घ्यायचं, नमस्कार करायचा, जायचं. तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडणार," मावशी म्हणाली.

इथून पुढची हकीकत मी तिघांकडून ऐकली आहे, आणि तिघांची थोडी थोडी वेगळी आहे. मामा म्हणतात हॉलमध्ये शंभर माणसं होती; मावशी म्हणते साठ. पण एवढं नक्की, की मामांनी चार नंबरची शेळी आणली आणि रीतीप्रमाणे जोडीदारीणही बरोबर आणली. कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. ती जोडीदारीण बारा नंबर होती.

मावशीने चार नंबरचं हृदय दाखवलं. पडद्यावर कप्पा ठोक्याला घट्ट आकसत होता. त्रेचाळीस. टाळ्या पडल्या. डॉक्टर माइककडे निघाले, तेवढ्यात मावशीने मामांना खूण केली. मामांनी बारा नंबर पुढे घेतली, आणि मावशीने तिच्या छातीला प्रोब लावून चित्र पहिल्याच्या शेजारी आणून ठेवलं. ती एक शब्द बोलली नाही. दिलेला शब्द तिने पाळला.

सगळा हॉल बघत राहिला. एक हृदय मूठ वळत होतं. दुसरं नुसतं डुलत होतं. सत्तावीस.

"मशीन बंद करा," डॉक्टर म्हणाले.

तिसऱ्या रांगेतून एक बाई उठली. शेळीपालकच, पायात मातीने माखलेले बूट, कार्यक्रमाला थेट गोठ्यावरून आलेली. "बंद नका करू," ती म्हणाली. "या शेळीच्या गळ्याखाली सूज आहे. माझ्याही तिघींच्या होती."

तिने कंपनीच्या साहेबांकडे बोट केलं.

"तुमच्या कंपनीच्या माणसाने दोन महिन्यांपूर्वी घरपोच पोती दिली, 'आधी वापरून बघा' म्हणून. माझ्या तीन शेळ्या गेल्या. मी या डॉक्टरांकडे आले होते. हे म्हणाले, थंडी बाधली." ती डॉक्टरांकडे वळली. "म्हणाला होतात की नाही? मला म्हणालात, गोठ्याला पडदे लाव. मी माझ्या अंथरुणावरच्या चादरी लावल्या हो! आणि तुम्हाला माहीत होतं?"

डॉक्टर म्हणाले हा तांत्रिक विषय आहे, सर्वसामान्यांना कळणार नाही. कंपनीचे साहेब म्हणाले चहा तयार आहे. चहाला कोणी उठलं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "माझ्याकडे अजून सहा पोती आहेत, तीच घालू का तुमच्या चहात?" मग एकच गिल्ला झाला. मावशी तेवढ्या गोंधळात जेली पुसत होती. बारा नंबरच्या छातीवरची, हळूहळू, शेवटच्या थेंबापर्यंत.

त्या दिवसापासून कोणी ते खाद्य घातलं नाही. कंपनीने पोती परत नेली. कारण दिलं, पोत्यांवरची छपाई बदलायची आहे. चौकशीसाठी तीन माणसांची समिती बसली. समितीने मावशीला एकदा बोलावलं आणि एकच प्रश्न विचारला, "तुमची पदवी काय?" समितीने निष्कर्ष काढला, की मापनपद्धतीबाबत मतभिन्नता आहे. मोठे डॉक्टर वरच्या हुद्द्यावर गेले. मामांना गोठ्यातून काढून गोदामात बसवलं, पंख्याखाली, जिथे एकही जनावर नाही. मावशीचा करार संपला आणि नवा झाला नाही.

हे सगळं ऐकून लोक मला विचारतात, मग मावशीला समाधान वाटलं असेल ना? मला अशा प्रश्नाचाच राग येतो. कसलं समाधान? ज्याने खोटं लिहिलं तो वर चढला, जिने खरं मोजलं ती घरी आली.

तीन महिने ती खरंच घरी होती. काकांची परीक्षाच झाली. मग गावातल्या कुत्र्या-मांजरांच्या एका तरुण डॉक्टरणीने तिला बोलावून घेतलं. हातात उचलून नेता येईल असं लहान मशीन त्यांच्याकडे होतं, आणि ते चालवणारं कोणी नव्हतं. डॉक्टरणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "मापं तुम्ही वाचा, मी ऐकते." त्या दिवशी चपलांचा आवाज मला आठवत नाही, म्हणजे साधाच असणार.

दवाखान्याने उरलेल्या शेळ्या काढून टाकल्या तेव्हा नऊ, बारा आणि वीस त्या शेळीवाल्या बाईंनी नेल्या. सुट्टीच्या दिवशी मावशी मशीन घेऊन त्यांच्या गोठ्यावर जायची, मामाही यायचे पाय धरायला. बारा नंबर हळूहळू छत्तिसावर आली. वीस नंबर तीसच्या आसपास अडकली. नऊ नंबर वर आलीच नाही. एका दुपारी उन्हात उभ्याउभ्या खाली बसली, ती उठली नाही.

या वेळी पुरायची घाई नव्हती. डॉक्टरणबाईंनी शेळी उघडली. हृदयाच्या तांबड्या स्नायूत फिकट पट्टे होते, शिजलेल्या मांसासारखे. मावशी वाकून बघत राहिली. इतके महिने जे पडद्यावर करड्या सावल्यांत पाहिलं, ते आता हातात होतं. तुकडे बाटलीत घालून दुसऱ्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेला पाठवले. दीड महिन्याने उत्तर आलं: हृदयाच्या स्नायूची झीज, खाद्यातल्या औषधाच्या विषबाधेशी सुसंगत.

मावशीने त्या उत्तराची प्रत, आपल्या वहीतली सगळी पानं आणि चोवीस शेळ्यांचे आकडे समितीला रजिस्टर पोस्टाने पाठवले. पोच आली, उत्तर आलं नाही. महिन्याने तिने पुन्हा पाठवलं. काका म्हणाले, "अगं, ते वाचत नाहीत." ती म्हणाली, "न वाचायलासुद्धा पाकीट हातात घ्यावं लागतं."

गेल्या आठवड्यात पाचवं गेलं. पत्ता लिहिताना तिने पेन इतकं दाबलं की कागद फाटला. तिने शिवी हासडली, दुसरं पाकीट घेतलं, आणि पहिल्यापासून लिहायला लागली.